वाफेचं मशीन चार्जिंगला लावलंय

लाल दिवा लुकलुकला की चार्जिंगला लावायचं. एवढी साधी गोष्ट. पण ती मी रविवारी दुपारी, कर्जतच्या भिसेगावातल्या माझ्या घरात, सासूबाई मुक्कामाला असताना करायचं ठरवलं, आणि तिथंच सगळं बिघडलं.

मी मनोज. मोहोपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात डिस्पॅचला कारकून आहे. (आजवर एकच ट्रक मी चुकीच्या गावाला पाठवलाय, आणि तिथल्या लोकांनी तो रंग आवडीनं ठेवून घेतला.) सिगारेट मी सोडली होती. म्हणजे माधवीनं, माझ्या बायकोनं, ती माझ्याकडून सोडवून घेतली होती. त्यानंतर मी ऑफिसात पेन्सिली चावत बसायचो. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या तालिबला माझी दया आली. त्याचा दुबईचा मेव्हणा जाताना विसरून गेलेली व्हेप, म्हणजे विजेवरची सिगारेट, त्यानं माझ्या हातात ठेवली.

"यात धूर नसतो रं, नुसती वाफ," तो म्हणाला. "इथं विकायला बंदी हाय, तेव्हा मिरवू नको. आणि सेलकडं लक्ष ठेव. लाल दिवा आला की चार्ज. चार्ज करूनही भराभर उतरायला लागला, तर सेल बदलायचा. आणि काढलेला सेल कधी..."

तेवढ्यात साहेबांनी हाक मारली आणि तो उठून गेला. वाक्याचा उरलेला भाग मला पुढं माझ्या मांडीनं सांगितला.

सुरुवातीचे दिवस मात्र स्वप्नासारखे गेले. थंडीतल्या सकाळी मी गच्चीवर जायचो. खाली नदीवर धुकं पसरलेलं, समोर माथेरानच्या डोंगरावर एखादा ढग टेकलेला. मी हापूस आंब्याच्या वासाची वाफ हळूच सोडायचो. ती धुक्यात मिसळायची, धुकं डोंगराला लागायचं, आणि मला वाटायचं, तो ढगसुद्धा आपणच सोडलाय. कारकुनाच्या हातून एवढं मोठं काम सहसा होत नाही.

मग तो रविवार आला. जेवणं झाली, घर पेंगायला लागलं. दिवा लाल लुकलुकत होता. रिकामं सॉकेट एकच होतं, स्वयंपाकघरात मिक्सरच्या मागं. मी तिथं ती लावली आणि चटईवर आडवा झालो. ढगावरून माथेरानला निघालोच होतो, तेवढ्यात माधवीचा आवाज आला.

"अहो, मिक्सरच्या मागं हे काय लुकलुकतंय?"

झोपेतल्या माणसाला पूर्ण खोटं सुचत नाही, अर्धं खरंच सुचतं. "वाफेचं मशीन," मी म्हणालो.

"कुणासाठी?"

"मामींसाठी," मी म्हणालो. (उरलेलं अर्धं.)

मामी म्हणजे माझ्या सासूबाई, बायजाबाई. खालापूरकडच्या गावाहून आल्या होत्या आणि आल्यापासून सर्दीनं हैराण होत्या. माधवीचे डोळे भरून आले. "आईसाठी आणलंत? आणि बोललाही नाहीत?" तिनं लगेच शिरा करायला घेतला. लग्नानंतर कारणाशिवाय शिरा मला पहिल्यांदाच मिळत होता, त्यामुळे खरं सांगायची वेळ निघून गेली.

मामींनी मशीन हातात घेऊन हुंगलं. "आंब्याचा वास येतोय, जावयबापू."

"औषध आहे, मामी. आंब्याच्या पानांचं."

"मग द्या हिकडं. घेते वाफ."

त्यात निकोटीन, आणि मामींना बीपी. "थांबा!" मी ओरडलो. "आधी पूर्ण चार्ज व्हावं लागतं. नाहीतर सेल बिघडतो."

"मग मी लावते ना," माधवी म्हणाली.

आणि तिनं ते व्रत घेतल्यासारखं घेतलं. सकाळी तुळशीला पाणी घालायचं आणि मशीन चार्जिंगला लावायचं. दिवा हिरवा झाला की चार्जिंग पूर्ण. "तपासून आणतो," म्हणत मी मशीन घेऊन गच्चीवर धावायचो आणि दिवा लाल होईपर्यंत सेल उतरवायचो. उतरवायचा मार्ग एकच होता. पूर्वी मी चोरून दोन झुरके घेणारा माणूस. आता सासूच्या तब्येतीसाठी ड्युटीवर होतो. डोकं गरगरायचं. जिन्याच्या पायऱ्या उशीसारख्या मऊ लागायच्या. अख्खं कर्जत पाण्यात सोडलेल्या कागदी होडीसारखं डुलायचं. खाली उतरलो की मामी विचारायच्या, "झालं का वो मशीन?" आणि मी तरंगत म्हणायचो, "उतरलं, मामी. पुन्हा लावावं लागेल."

"बाई, किती भराभर उतरतंय!" माधवी एकदा म्हणाली. "सेल बदलायला झालाय."

मी तिच्याकडे आदरानं पाहिलं. सेल बदलायचा! कपाटात एक बंद पडलेली टॉर्च होती, तिच्यात तसलाच सेल होता, कधीचा मेलेला. तो मी मशीनमध्ये घातला आणि मशीनचा जिवंत सेल पँटच्या खिशात टाकला, घराच्या चाव्यांशेजारी.

बाहेर येतो तर माधवीनं शेजारच्या लुबनाभाभींना आणि संजनावहिनींना जावयाची माया बघायला बोलावलेलं. चहा आला होता. मामींनी वाफारा घेतात तसा डोक्यावरून टॉवेल घेतला आणि मशीन तोंडाला लावलं. "नाय चालत," टॉवेलमधून आवाज आला.

"सेल गेला, मामी. नवीन आणू," मी म्हणालो. किती दिवसांनी जीव भांड्यात पडला! मी निवांत खिशात हात घालून चाव्या खुळखुळवल्या.

मांडीला ऊब लागली. मला वाटलं, समाधान असावं.

मग समाधानाचा चटका बसला. खिशातल्या चाव्या टेकून सेल शॉर्ट झाला होता; तालिबचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं झालं. "आई गं!" म्हणून मी उडी मारली आणि बायकांच्या देखत क्षणात पँट काढली. लुबनाभाभींनी ओढणी तोंडावर घेतली. संजनावहिनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागल्या. मामींनी टॉवेल फेकला, सांडशीत पँट धरली आणि दारातून समोरच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर भिरकावली. तिथं तिच्यातून धूर निघाला. खराखुरा.

लुबनाभाभी ओढणीआडून हळूच म्हणाल्या, "माधवी, हे वाफारा घ्यायचं मशीन नाय गं. माझ्या दिराकडं पण हाय. सिगारेटच ती, बॅटरीवरची."

माधवीनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी रोज तुळशीला पाणी घालून..." ती आत गेली. मांडीपेक्षा ते जास्त झोंबलं. थोड्या वेळानं ती पाण्याची बादली घेऊन आली आणि माझ्या मांडीवर गार पाणी ओतत बसली. मी "चुकलो" म्हणालो. तिनं आणखी एक तांब्या ओतला.

मामींनी नाक पुसलं. "मला पयल्या दिवशीच वास आला व्हता."

"मग रोज वाफ का मागायचात?" मी विचारलं.

"तुमी गच्चीवर किती पळता ते बघाया. आमचे मालक जलमभर गोठ्यामागं लपून बिडी वढायचे. मी बगून न बगितल्यावानी करायचे. पन त्यांची बिडी ते सोता पेटवायचे. बायकोकडून चार्ज नाय करून घेतली कदी."

माधवीला इतका वेळ दाबून धरलेलं हसू फुटलं. ती हसतेय म्हणजे मिटलं, असं समजून मीही हसायला लागलो.

"तुम्ही हसू नका," ती म्हणाली. "आधी पँट घाला. वहिनींचं कॅलेंडर वाचून संपलं."