हरीकाकांची सेटिंग

हरीकाका पाटील लग्नाला जातात तेव्हा आपली सायकल घडी घालून शेजारच्या खुर्चीवर बसवतात. मोरव्यातल्या एका हळदीला वाढप्याने तिच्यापुढेही पत्रावळ मांडली. काकांनी ती परत पाठवली नाही. मटणाच्या दोन्ही पत्रावळी साफ केल्या आणि सायकलच्या वतीने वेगळा ढेकर दिला.

काकांच्या वाडवडलांची मिठागरं कधीच गेली. भाताच्या खाचरावर आता इमारत आहे. तळमजल्यावर काका, त्यांच्या डोक्यावर मी भाडेकरू. या घडीच्या सायकलला काकांनी बॅटरी-मोटर बसवली, त्या दिवशी ते असे सुटले की भाईंदरची कुत्री पाठलाग सोडून नुसती बघत बसली. दुसऱ्या दिवशी मात्र सायकल जिन्याखाली उलटी, आणि काका पाना घेऊन तिच्या पोटात.

"काय बिघडलं, काका?"

"सेटिंग चालू हाय."

बीपी कसंय, पाणी का नाही, मुलाचं लग्न कधी, कशालाही उत्तर एकच. सेटिंग चालू हाय.

मग एकदा मला शांती नगरच्या सायकलवाल्याकडे ओढून नेलं.

"अंकल, इसका टायर छोटा है," तो म्हणाला. "मोटर भागेगी तो पैर फुकट घूमेंगे. पैडल के पास का दाँतेवाला चक्कर बड़ा डालो, सब बड़ा ही डालते हैं."

"मना लहान पायजे."

"और छोटा? पैर मिक्सर के जैसे घूमेंगे और गाड़ी बैल के जैसी चलेगी."

"तीच सेटिंग पायजे," काका खुशीत म्हणाले. यांच्या घरात कोणी मोठं माणूस नाही का, अशा नजरेने सायकलवाल्याने माझ्याकडे पाहिलं.

काकांची रोज सकाळी जयंतीभाईंशी शर्यत असते. जयंतीभाई समोरच्या किराणा दुकानाचे मालक, काकांचे शाळेपासूनचे दोस्त. नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं, सायकल जुनी, साधी. मोरव्यातून निघायचं, मुर्ध्याच्या चहाच्या टपरीवर थांबायचं. पायडलपाशी ते लहान दातेरी चाक बसल्यावर मी स्कूटरवरून मागे गेलो. काकांचे पाय इतके गरगरत होते की दिसेनासे झाले. सायकलला मात्र एक गोगलगाय ओव्हरटेक करून गेली, तीही हॉर्न न देता.

अर्थात जयंतीभाई जिंकले.

"मोटर लगाके भी हार गया, हरी?" धापा टाकत ते हसले आणि टपरीवाल्याला म्हणाले, "इसकी चाय में शक्कर ज्यादा डाल. बेचारे को ताकत चाहिए."

मी वाकून पाहिलं. बॅटरीचा हिरवा दिवा चालू होता, पण मोटरची वायर मोकळी लोंबत होती.

"काका, तुमची वायर…"

"गप," काकांनी मला बाजूला घेतलं. "मीच काढलीय. पयल्या दिशी मोटर पलवली आन् मागं बगितलं, तर हा रस्त्याच्या कडंला उभा. दुसऱ्या दिशी आलाच न्हाय. सायकल भंगारात देतो बोलला."

"मग तुम्हीच पाय सावकाश मारा ना."

"सावकाश मारले का त्याला कलतंय. लय हुशार हाय तो. पाय जोरात फिरले पायजेत, सायकल न्हाय."

परतताना जयंतीभाई पुढे होते. वळणापाशी ते उतरले आणि हँडल धरून नुसते उभे राहिले. मागे बघत नव्हते. काकांनी तिथेच ब्रेक दाबला, साखळी पडल्यासारखं दाखवत खाली बसले, आणि जागेवरच असलेल्या साखळीत बोटं घालत मला हळूच म्हणाले,

"ह्याच्याहून लहान चाक भेटंल काय रं?"