शमुवेलकाकांचा राग

शमुवेलकाका सातपुत्यांना राग आला की ते समोरच्याला आधी तसं कळवतात. "पावणं, मला तुमचा राग आलाय. जरा थांबा, देवाशी बोलून येतो." मग घरात जातात, दार लावतात आणि प्रार्थना करतात. आता प्रार्थना माणसानं मनातल्या मनात करावी की नाही? पण जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाचा आवाज तो. मंगळवार पेठेतली आमची अख्खी गल्ली ऐकते.

एकदा मी त्यांच्या फाटकासमोर गाडी लावली. आतून गर्जना झाली, "प्रभू, शेजारचा सुधाकर माणूस चांगला हाय, पण डोळं असून आंधळ्यागत गाडी लावतोय. त्येला अक्कल दे, आन् मला धीर दे!" समोरच्या गॅलऱ्या भरल्या. मी संतापलो. अहो, तोंडावर शिव्या द्या, पण ही काय रीत? थोड्या वेळानं काका बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, "सुधा, गाडी जरा पुढं घे की." त्यांचा राग उतरलेला, माझा चढलेला!

चर्चच्या पाळकांनीही त्यांना आवाजाबद्दल समजावलं. काका म्हणाले, "राग माणसावर वतायचा न्हाय, हे तुम्हीच शिकवलं. मग वतू कुठं?"

परवा एका ठेकेदारानं पाइपसाठी गल्ली खणली आणि खड्डा तसाच उघडा टाकला. ना पत्रा, ना दोरी. फोन केले तर उचलेना. शेवटी काकांच्या पत्नी, मार्थाकाकू, त्यात पडल्या. मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ उगवला आणि वर म्हणतो, "म्हाताऱ्या माणसांनी बघून चालाय नको?"

गल्ली खवळली. मी बाह्या सरसावल्या. काका तेवढ्यात डबा न्यायला दवाखान्यातून आले होते. "मला तुमचा राग आलाय," ते ठेकेदाराला म्हणाले आणि आत गेले. आम्ही कान टवकारले. आतून आवाजच येईना.

बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. डोळे लाल.

"पावणं, तुमच्यावर हात उचलणार न्हाय आन् कुणाला उचलू देणार न्हाय. पण तक्रार देणार. माफ केलं म्हंजे तक्रार करायची न्हाय, असं कुठं हाय? खड्डा आत्ता बुजवा. मी हितंच हुबा हाय."

खड्डा बुजेपर्यंत ते उन्हात उभे राहिले. तक्रार दिली, आणि मगच आम्ही डबा घेऊन दवाखान्यात गेलो.

"कुणाशी भांडला न्हाईसा न्हवं?" काकूंनी विचारलं.

"न्हाय," म्हणत काका भात मऊ कालवून भरवू लागले. काकूंचा डोळा लागला, तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एवढा हळू आवाज त्यांना काढता येतो हे मला ठाऊकच नव्हतं.

"सुधा, मघाशी आत गेलतो, पण शब्दच फुटंना. मला वाटलं, राग हाय. भ्या हुतं रे. ही न्हाय राहिली तर मी बोलू कुणासंगं?"

काकांनी काकूंच्या पायांवरची चादर सारखी केली आणि उष्टा चमचा धुवायला ते नळाकडं गेले.