सोपानराव आणि ओ देणारा संगणक

सोपानराव शेंडगे संगणकाला 'अहो' म्हणायचे. कळ दाबण्याआधी "अहो, विचारतो हं" अशी आगाऊ सूचना द्यायचे. उत्तराला उशीर लागला, तर "सावकाश, घाई न्हाय" म्हणून धीरही द्यायचे.

नव्वदच्या दशकात बारामतीतल्या एका खासगी क्लासमध्ये आम्ही दोघं संगणक शिकवायचो. मी पुण्याहून पदविका घेऊन आलो होतो. त्यामुळे आपल्याला सगळं येतं, अशी माझी समजूत होती. विद्यार्थ्यांची तशी समजूत नव्हती. पण त्यांना अजून जगाचा अनुभव नव्हता.

सोपानरावांचा राग आमच्या कामाच्या पद्धतीवर. प्रोग्रॅम एडिटरमध्ये लिहायचा, एडिटर बंद करायचा, प्रोग्रॅम चालवायचा, चूक निघाली की पुन्हा एडिटर उघडायचा.

"ही काय बोलाचाल झाली, सर?" ते म्हणायचे. "टपालानं भांडण चाललंय नुसतं!"

त्यांना पडद्याचे दोन भाग हवे होते. वर लिहायची जागा आणि खाली सतत जागी असलेली प्रोग्रॅमिंगची भाषा. वरची ओळ कळ दाबताच खाली जावी, उत्तर तिथल्या तिथं यावं, आणि आधीचं काही विसरलं जाऊ नये. एवढंच मागणं.

असं करणारा एडिटर एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मिळाला. तो आमच्या भाषेशी जोडायला अर्थातच मी पुढं सरसावलो. माहितीपुस्तक मोठ्यानं वाचायचो, न कळलेल्या वाक्यावर मान डोलवायचो. एडिटर मात्र 'असा प्रोग्रॅम सापडत नाही' यापलीकडं बोलेना. सीडीच सदोष आहे, असं मी जाहीर केलं आणि मासिकाला खरमरीत तक्रार लिहायला बसलो. तक्रारीत त्या भाषेचं नाव नीट लिहावं म्हणून स्पेलिंग बघितलं, तेव्हा कळलं, की इतके दिवस जोडणी करताना मी त्या नावात एक अक्षर जास्तीचं घालत होतो. गुपचूप अक्षर खोडलं आणि म्हणालो, "फार गुंतागुंतीचं होतं हो."

सोपानरावांनी दोन आणि तीनची बेरीज विचारली. खाली पाच उमटले. त्यांनी पडद्याला हात जोडले.

"सर, ओ दिली की!"

मग म्हणाले, "रविवारी ह्यो संगणक निमगावला आमच्या घरी न्यायचाय. क्लासचे मालक हो म्हणालेत. तुमी या, जोडणी तुटली तर?" तुटली तर मी काय करणार होतो, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

टेंपोत गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर मांडीवर घेऊन आम्ही निघालो. वाटेत ते पहिल्यांदाच घरचं बोलले. आईला अर्धांगवायू झालेला. वाचा गेली, मान आणि डावा हात तेवढा हलतो. "काय पायजे ते आमी अंदाजानंच देतो. अंदाज चुकला की रडती, सर."

निमगाव केतकीत खाटेशेजारी संगणक मांडला. सोपानरावांनी वर ओळी लिहिल्या, खाली फुल्याफुल्यांची मेंढी उमटली. म्हातारीनं नाही म्हणून मान हलवली. त्यांनी एक ओळ बदलली. मेंढीचे कान लांबले. म्हातारी चक्क हसली. एके काळी घरात कळप होता. तिला कोण फसवणार?

"आता सांग, आई. काय पायजे?"

पडद्यावर तांब्या आला. नाही. भाकरी आली. नाही. मी मागून सल्ले देत होतो, "गोळी विचारा. पंखा विचारा. उशी विचारा." नाही, नाही, नाही. तिनं बोट पुन्हा पडद्यावरच्या मघाच्या तांब्याकडं नेलं आणि हवेत लहानसं काहीतरी काढलं. सोपानरावांनी तांब्या आणला, लहान केला. तिनं बोटानं बाजूला कान काढला. त्यांनी कान जोडला. कप झाला!

"चा पायजे व्हय तुला?"

नाही. डोळे भरून आले तिचे. माझी तज्ज्ञ बुद्धी 'मग दूध असेल' म्हणणार, तेवढ्यात तो डावा हात कष्टानं उचलला गेला आणि बोट माझ्यावर येऊन थांबलं.

पाहुणा केव्हाचा आलाय, आणि त्याला अजून चहा नाही.

सोपानराव उठले, चुलीपाशी गेले आणि आमच्याकडं पाठ करून बराच वेळ फुंकणीनं जाळ फुंकत राहिले. जाळ तर केव्हाच लागला होता.