वनिताताई प्लग काढतात

वनिताताई म्हात्रे ऑफिसात शिरल्या की आम्ही आधी आपापलं काम सेव्ह करतो. बोलता बोलता बाई कुठल्या मशीनचा प्लग उपटतील याचा नेम नाही. आम्हाला यंत्रणा चालवायचा पगार मिळतो, ताईंना ती पाडून बघायचा.

पनवेलच्या एसटी स्टँडजवळ, मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस. लोकांच्या फाइली सांभाळणारी यंत्रणा आम्ही बनवतो. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती तीन कंटेनरांत ठेवायच्या, म्हणजे एखादा बंद पडला तरी फाइल मिळते. हे कंटेनर म्हणजे मशीनच्या आतले सॉफ्टवेअरचे कप्पे. पण ताईंचा कळंबोलीचा भाऊ ट्रेलर चालवतो. त्याला वाटतं, बहिणीच्या हातात बरेच कंटेनर आहेत. ‘भाडं असलं तर सांग,’ म्हणतो. ताई ‘सांगेन’ म्हणतात.

गेल्या वर्षी एका इस्पितळाचे एक्स-रे आमच्याकडे यायचे होते. तिथल्या डॉक्टरबाई स्वतः पाहायला आल्या. आमचे मॅनेजर देसाईसाहेब यांनी एक कंटेनर बंद केला; नमुन्याचा एक्स-रे उघडला. दुसराही बंद केला, तरी उघडला. खालून पेढे आले.

‘आता मशीन बंद करा,’ ताई म्हणाल्या.

‘ताई, टेस्ट झाली,’ देसाई म्हणाले.

‘लाइट जाते ती कंटेनरची जात नाय. मशीनची जाते.’

‘पाहुण्यांसमोर नको.’

‘त्यांच्यासमोरच. एक्स-रे त्यांचे हायेत.’

आणि वाकून त्यांनी प्लग काढला. एक्स-रे गेला तो गेलाच. तिन्ही कंटेनर एकाच मशीनवर जाऊन बसले होते आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

देसाईंचा चेहरा पडला. ‘ऑर्डर घालवलीत तुम्ही.’

ताईंनी पेढा उचलला. ‘मला काढायचं तर काढा. या मांडणीवर मी सही करणार नाय.’

डॉक्टरबाई उठल्या. ‘यांची सही होईल तेव्हा बोलवा,’ एवढंच म्हणाल्या.

आम्ही तीन कंटेनर तीन वेगळ्या मशीनवर नेले. डॉक्टरबाई पुन्हा आल्या, तेव्हा पडद्यावर एक्स-रे नव्हता. एक फोटो होता: ओटा आणि त्यावर सुकट निवडणारी म्हातारी.

‘हे कोण?’ मी विचारलं.

‘आई. अन् आमचं घर. गाव विमानतळात गेलं, त्याच्या आदल्या हिवाळ्यातलं.’

‘टेस्टला खोट्या फाइली आहेत की आपल्याकडे.’

‘खोटी फाइल गेली तर कुणाच्या पोटात गोळा येतो?’

‘पण घरी कॉपी असेल ना?’

‘हाय. तरी.’

या वेळी त्यांनी प्लग डॉक्टरबाईंना काढायला लावला. पडदा काळा झाला. ताईंनी माझं मनगट धरलं. मग दुसऱ्या मशीनवरून फोटो आला: आधी कौलं, मग ओटा, मग म्हातारी.

देसाईंनी पेन पुढे केलं. ताईंचं लक्ष नव्हतं.

‘थांबा जरा,’ त्या म्हणाल्या. ‘बघू दे.’