भाऊ परबांचा द्राक्ष-सिद्धांत

आमच्या परळच्या चाळीतले भाऊ परब कोकमाचं सरबत सरळ पीत नसत. ग्लास उजेडाकडे धरायचा, गोल फिरवायचा, आत नाक घालायचं आणि डोळे मिटून म्हणायचं, "उताराची जमीन." कोकम समोरच्या वाण्याकडचं असे. गळ्यात तुळशीची माळ, त्यात मुंबईत दारूबंदी. वाइनचा थेंब या माणसाने कधी चाखलेला नव्हता, पण व्याख्यान फक्त वाइनवर आणि लढायांवर.

दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत होते. चाळ त्यांना 'जनरल' म्हणे. प्रत्यक्षात पलटणीत ते खेचरं हाकत, पण थाट असा, की रोमच्या बादशहाने यांनाच विचारून फौज हलवली. "लढाई खंय होतली ता कळूक व्हया, तर द्राक्षां खंय पिकतत ता बघा," हा त्यांचा सिद्धांत. रोमन शिपाई छावणी टाकत तिथे वेली लावत. नदीकाठचा उतार वेलीला लागतो नि फौजेलाही. फ्रेंचांशी फाटलं म्हणून इंग्रज पोर्तुगालची वाइन प्यायला लागला. पहिल्या महायुद्धात शँपेनच्या मळ्यांतून तर खंदकच खणले. हे सगळं नळावर उभं राहून ऐकावं लागे. बादली भरून वाहू लागली तरी नेपोलियन संपत नसे.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. चाळीच्या सभेत भाऊ उठले आणि मुंबईत द्राक्षं पिकत नाहीत, तेव्हा इथे गोळी चालणार नाही, असं जाहीर करून बसले. लोक पोट धरून हसले.

गोळी चालली. आमच्याच गल्लीतला एक गिरणी कामगार गेला. सिद्धांताचं आता काय, हे कुणी भाऊंना विचारलं नाही. त्यांच्याकडे बघूनच लोकांना चीड येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुकडीपासून चुकलेला एक पोलीस शिपाई धावत आमच्या चाळीत शिरला. मागे जमाव, हातात दगड. भाऊ स्वतःच्या दारात उभे होते. शिपाई मागच्या भिंतीवरून उडी मारून गेला, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. जमाव तिकडे पळाला. मी शेजारीच राहायचो, आत डोकावलो. शिपाई तांदळाच्या पिंपामागे अंग चोरून बसला होता आणि भाऊ त्याला पाणी पाजत होते.

आपली माणसं मारणाऱ्यांना लपवता, असं मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांनी दार लोटून घेतलं आणि पहिल्यांदाच नेपोलियनशिवाय बोलले. इटलीत त्यांचा पाय मोडला होता, गावात शत्रू शिरला होता. एका म्हातारीने त्यांना तळघरात वाइनच्या पिंपांमागे लपवलं. तिचा मुलगा भाऊंच्याच फौजेशी लढताना मेला होता. फोटो दाखवून तिने खुणांनी तेवढं सांगितलं आणि पुढ्यात पाव ठेवला.

"गावाचा नाव विचारूचा रवान गेला," भाऊ म्हणाले. "डोंगरार द्राक्षां होती, इतक्याच ठावक. म्हणान लढायांची पुस्तकां वाचतंय. जंय लढाई नि द्राक्षां दोन्ही, तो एकेक गाव बघतंय."

सापडलं का, मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि गल्ली मोकळी झाली का ते बघायला बाहेर गेले.