उत्तमदादांचा पहिला गिअर

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर मला पितळेची एक कडी सापडली. बांगडीपेक्षा मोठी, काळपटलेली, कडेनं बारीक दाते असलेली. आत सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, देवाची भांडी घासत बसली होती. मला वाटलं, ही आपल्या मोठ्या समईचीच असणार. नवऱ्यानंही वर्षातून एकदा घरकामाला हात लावावा, अशा थोर विचारानं मी ती कडी आधी चिंचेनं आणि मग पॉलिश पेपरनं तासभर घासली. आतल्या बाजूला केसासारख्या बारीक रेघा होत्या. तो वर्षानुवर्षांचा मळ समजून त्या तर फारच मन लावून काढल्या. कडी सोन्यासारखी झाली.

"आपल्या समईला कडी नाहीये," सुनंदा म्हणाली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या उत्तमदादांचं डोकं वर आलं. कडी त्यांच्या गाडीच्या गिअरबॉक्समधली होती. डिझेलनं धुऊन उन्हात वाळत ठेवली होती. त्यांनी ती हातात घेतली, आतून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाले, "लई झकास घासली, मास्तर. फकस्त त्या रेघांच्या घर्षणावरच गिअर न करकरता पडत असतो. आता ही गाडीत चालायची नाय. देवापुढं ठेवा."

मी आठवीला विज्ञान शिकवतो. त्यात घर्षणाचा एक अख्खा धडा आहे.

पडेगावात आमच्या शेजारी राहणारे उत्तमदादा साळवे यांनी वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं गिअरचे दात कापले. ते निवृत्त झाले, पण दातांचा नाद काही निवृत्त झाला नाही. आमच्याकडं आले की टेबलावरचा कंगवा उचलून आधी त्याचे दात मोजणार. करवतीचे मोजणार, सायकलच्या दातेरी चक्राचे मोजणार. कुठल्याही व्यवहाराबद्दल त्यांचा एकच प्रश्न असे, "दात मोजले का?" आम्ही नवा मिक्सर आणला तेव्हा हेच विचारलं. भाचीला स्थळ बघून आलो तेव्हाही हेच विचारलं. त्या दिवशी सुनंदा चहाचा कप आदळून आत गेली होती.

माणसांनाही ते गिअर लावत. "मास्तर, तुमी टॉपमधी चढ चढायला बघता. म्हणून तर असे धडधडता." माझ्या बढतीच्या अर्जाबद्दल याहून नेमकं आजवर कुणी बोललेलं नाही. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "वेग दाखवायला असतो, जोर पोचायला."

वहिनी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगा परदेशात होता. एवढ्या मोठ्या घरात दादा आणि अंगणात एक जुनी पिकअप. हिरवी असावी, पण खात्रीनं सांगता येत नाही. गाडी चारही चाकांना जोर देणारी होती. कारखान्यातली माणसं निवृत्त झाली की प्लॉट घेतात, तीर्थयात्रा करतात. दादांनी ही घेतली आणि दुसऱ्याच महिन्यात तिचं पोट फाडलं.

याचं कारण होत्या आक्का.

आक्का म्हणजे दादांची थोरली बहीण. वेरूळच्या मागच्या डोंगरात सहा घरांची एक वस्ती आहे, तिथं त्या एकट्या राहत. सोबतीला चार शेळ्या आणि सीताफळाची झाडं. गुडघे गेलेले. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शेळी आणि पाहुणा यांतला फरक त्या आता आवाजावरून ओळखत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणखी उशीर केलात तर हाती काही राहणार नाही. पण आक्का खाली उतरायला तयार नव्हत्या. वस्तीपर्यंतची शेवटची चढण म्हणजे नुसते धोंडे. लोक तिला रडकी म्हणतात. बैलगाडीसुद्धा तिच्या पायथ्याला सुटते.

"बाजेवर टाकून नेऊ की," कुणीतरी सुचवलं होतं.

"चौघांच्या खांद्यावर एकदाच जायचं असतंय," आक्का म्हणाल्या होत्या. "आत्ताच नाय."

दादा पिकअप घेऊन गेले, तर रडकीच्या मध्यावर क्लच जळाला. आक्का वर बांधावर बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी वरूनच सुनावलं, "उत्तम्या, खाली तर धोंडाबी जातोय गडगडत. मला परत वर कोण आणंल? आधी गाडी दारात आणून दाखव, मग बसते."

झालं. पहिला गिअर फार लांब पल्ल्याचा, म्हणून चढावर गाडी गुदमरते, असं दादांचं निदान. उपाय दोन. जड गाडीचा, हळू चालणारा गिअरबॉक्स बसवायचा, आणि त्याच्या मागच्या ट्रान्सफर केसमधले गिअर बदलायचे. ट्रान्सफर केस म्हणजे काय, हे मला त्यांनी असं समजावलं, "पगार घरात आणतो तो गिअरबॉक्स. पुढच्या चाकाला किती, मागच्याला किती, हे ठरवती ती ट्रान्सफर केस. आणि अडचणीच्या दिवसात थोडक्यात भागवतीबी तीच."

"म्हणजे आमची सुनंदा," मी म्हणालो.

"आता कसं ध्यानात आलं!"

पुढचे सात महिने आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. चितेगावला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दादांनी स्वतः नवे गिअर कापले. छोट्याला दात कमी, मोठ्याला जास्त. कागदावर आकडे मांडून मला दाखवायचे आणि मी विज्ञानाच्या शिक्षकाला शोभेल अशी मान हलवायचो. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, हे दोन वेगळ्या घराण्यांचे डबे एकमेकांना जोडायला मध्ये जाड लोखंडी पट्टी करावी लागली. त्यानं सगळं प्रकरण चार बोटं लांबलं. मग मागच्या चाकांकडं जाणारा दांडा कापून आखूड केला, पुढचा वाढवला. माझ्या कर्तबगारीमुळं पितळी कडी नवी शोधावी लागली, तिला तीन आठवडे गेले. त्याबद्दल दादा मला कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त मी अंगणात आलो की पार्ट मोजून घेत.

चाचणी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर झाली. दादांनी गिअरचे दोन्ही दांडे खाली ओढले, क्लच सोडला आणि चालत्या गाडीतून सरळ खाली उतरले! गाडी आपली निघाली मुंगीच्या पावलानं. दादा तिच्या शेजारून, हात मागं बांधून, लग्नात वरबाप चालतो तसे चालताहेत. सुनंदानं भिंतीवरून चहा दिला. तो उभ्याउभ्या पिऊन, कप परत करून, दादा चार पावलं टाकून पुन्हा गाडीत चढले.

"एवढी हळू?" मी म्हणालो.

"एवढी हळू!" दादा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

रडकीवर जायच्या दिवशी मला सन्मानानं मागं हौद्यात बसवण्यात आलं. "मागच्या चाकावर वजन पायजे, मास्तर. वाळूची पोती सांडतात, तुमी धरून बसाल." माझ्या देहाचा एखाद्या शास्त्रीय कामात असा थेट उपयोग पहिल्यांदाच होत होता.

पायथ्याला पाहतो तर शहरातली चार तरुण मंडळी, दोन उंच चकचकीत गाड्या घेऊन, तीच चढण चढायला आलेली. डोक्यावर टोप्या, छपरावर दिवे. एकानं आमच्या पिकअपकडं पाहून विचारलं, "काका, भाजी घेऊन चाललात का?"

"नाय, मास्तर घेऊन चाललोय," दादा म्हणाले. "तुमी व्हा म्होरं."

पहिली गाडी गर्जना करत सुटली, पंधरा-वीस हात चढली आणि धोंड्यात चाकं फिरवत, धूर काढत उभी राहिली. ती मागं घेऊन बाजूला झाली, मग आम्ही निघालो. गर्जना नाही, धूर नाही. एकेक चाक धोंडा चाचपायचं, धरायचं आणि वर यायचं. बाजूनं एक करडू आम्हाला ओलांडून पुढं गेलं आणि थांबून मागं बघू लागलं. मध्यावर, मागं जिथं क्लच जळाला होता तिथं, गाडी एका दगडावर टेकली. इंजिनाचा आवाज खोल गेला. मी डोळे मिटले. दादांनी पाय हलवला नाही. खालच्या खाली दात दातात बसत गेले आणि तो दगड हळूच आमच्या मागं गेला.

खालून शिट्ट्या आल्या. तीच मंडळी टोप्या उडवत ओरडत होती, "वाह चाचा! क्या बात है!"

आक्का बांधावर बसूनच होत्या. गाडी दारात थांबली तेव्हा त्या उठल्या, चाचपडत आल्या आणि गरम बॉनेटवर बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवला.

"आली व्हय रं?"

"आली, आक्का."

"दमली नाय?"

"नाय."

"मग थांब. लुगडं बदलून येते."

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं पाठोपाठ झाली. सव्वा महिना आक्का दादांकडं होत्या. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या घरातली आतली खोली पाहिली. बुटका पलंग, न्हाणीच्या भिंतीला धरायला नळी, खिडकीत तुळस. पलंग नवा नव्हता. आक्कांसाठी सगळी तयारी कधीची करून ठेवलेली दिसत होती. त्या सव्वा महिन्यात दादांनी कसलेच दात मोजले नाहीत. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून भांडायची आणि आमच्या घरापर्यंत हसू ऐकू यायचं. काळा चष्मा उतरल्यावर आक्कांनी भावाकडं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "लई म्हातारा झालास रं." आणि आठवड्याभरात म्हणाल्या, "आता शेळ्यांकडं सोड मला."

दादांनी एका शब्दानंही अडवलं नाही. रडकी आम्ही दुसऱ्यांदा चढलो, पहिल्यापेक्षाही सहज. आक्कांनी आपलं दार, झाडं, शेळ्या सगळं डोळे भरून पाहिलं. येताना मला पुढं बसायला मिळालं.  पडेगावला दादांनी अंगणात गाडी लावली, किल्ली काढली, गिअरच्या दोन्ही दांड्यांवरून हात फिरवला.

"मास्तर," ते म्हणाले, "गाडी जरा कमी चांगली झाली असती, तरी चाललं असतं."

मी घरी येऊन हे सुनंदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. 

"गाडी वर जाते ना आता?" ती म्हणाली. "मग ती सोडायलाच जाते असं थोडंच आहे? भेटायलाही जाईल की. रविवारी सकाळी आठला निघू म्हणावं त्यांना. भाकरी मी बांधते, आणि मीही येते."