सोळा लिटरची कॅमेरा बॅग

"असली बॅग अख्ख्या नाशिकात दुसऱ्या कुणाकडे निघाली, तर मी कॅमेरा विकून टाकीन!" गोरक्षने आरशासमोर गिरकी घेत जाहीर केलं.

गोरक्ष एका विमा कचेरीत नोकरीला. पण सुट्टी आली की कॅमेरा घेऊन डोंगरात! चार लेन्स, ट्रायपॉड, पाणी, डबा. पट्टे खांद्यात असे रुतायचे की सोमवारी ऑफिसात त्याला नुसती मान वळवता येत नसे, सगळा गोरक्षच वळवावा लागे. चार महागड्या बॅगा झाल्या, फरक शून्य. आणि मग गावाकडच्या द्राक्षबागेत त्याला वडिलांचा पाठीवरचा जुना फवारणी पंप दिसला.

सोळा लिटर पाणी पाठीवर घेऊन माणूस दिवसभर बागेत फिरतो! मग चार किलो काचांची काय कथा?

त्याने टाकीचा वरचा भाग कापला, बिजागरी लावून त्याचंच झाकण केलं. आत गादीचा फोम, फोमात लेन्सच्या खोबणी. नळीच्या जागी ट्रायपॉड. सगळं वजन अलगद कमरेवर!

"अहो, पण दिसताय कसे ते तरी बघा," बायको हर्षाली म्हणाली.

"डोंगरात मला कोण बघतंय?"

त्याच आठवड्यात ओळखीच्या वनरक्षकाचा फोन आला. पेठकडच्या एका कड्यावर गिधाडाचं पिल्लू पंख झाडत होतं. उद्या-परवाच उडणार! गिधाडाची पहिली झेप! गोरक्षला धड जेवणही गेलं नाही. उजाडता उजाडता तो पायथ्याच्या पाड्यावर पोचला, गाडी लावली, पंप पाठीवर चढवला, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि निघाला. काय ते सुख! पाठीवर काही आहे असं वाटेचना!

वीस पावलं गेला असेल. एका ओट्यावरून आरोळी आली, "आला गं बायांनो! डासाचा फवारावाला आला!"

ह्या नवसाबाई. पाहता पाहता पाच-सहा बायका आणि पंचायतीचे सदस्य झुंबरभाऊ त्याच्याभोवती गोळा झाले.

"महिना झाला, वाट बघतोय!" झुंबरभाऊ म्हणाले. "औषध येऊन पडलंय, मारणाराच नाय!"

"अहो, मी फवारणीवाला नाही. मी फक्त फोटो काढायला आलोय."

हे ऐकताच नवसाबाई भडकल्या. "मागचा पण हेच बोलला! पंप घातला, दारात उभा राहून फोटो काढला नि गेला! तुम्ही आधी मारा, मंग काढा फोटो!"

"मावशी, ह्यात औषध नाहीये हो! काचा आहेत, काचा! थांबा, दाखवतो." गोरक्षने पट्टे न काढताच हात मागे नेला आणि झाकण उघडलं.

झाकण उघडलं म्हणजे भरायचं, असा मागच्या बाईचा समज झाला. तिच्या डोक्यावर हंडा तयारच होता. खळाळ्ळ! सोळा लिटरच्या टाकीने इमानाने सगळं पाणी धरून ठेवलं. थेंब गळला नाही!

"आईऽऽगं!" गोरक्ष किंचाळला.

"गार लागलं व्हय?" बाईने मायेने विचारलं. तोवर झुंबरभाऊंनी औषधाच्या बाटलीचं बूच काढलं होतं. गोरक्षने झडप घालून त्यांचा हात धरला, पंप उतरवला आणि आडवा केला. पाण्याच्या लोंढ्याबरोबर तीन लेन्स मासोळ्यांसारख्या बाहेर आल्या.

सगळ्या बायका वाकून बघू लागल्या.

"खरंच काचा हायेत की!" नवसाबाई पुटपुटल्या. मग आत धावल्या, सूप आणलं, लेन्स पदराने पुसल्या आणि पापडासारख्या उन्हात मांडल्या. गोरक्ष सुपाशेजारी उकिडवा बसला. चेहरा असा, जणू पापड त्याच्याच काळजाचे आहेत.

आणि तेवढ्यात झुंबरभाऊ ओरडले, "सुटलं! पिल्लू सुटलं!"

कड्यावरून एक काळी आकृती घसरली, गडगडली, आणि पंख पसरून तरंगली! गोरक्ष ताडकन उठला. गळ्यातल्या कॅमेऱ्यावर सगळ्यात छोटी लेन्स होती, पण त्याला कसलं भान! तो शेतातून धावला, खट् खट् खट् खट्! मागे अख्खा पाडा! "उडतंय! उडतंय!" बायका टाळ्या पिटत होत्या. गोरक्षच्या डोळ्यांत पाणी आलं. नव्वद फोटो! बहुतेकांत आभाळ, काहींत झुंबरभाऊंचं कोपर, आणि एकात स्पष्ट काळा ठिपका.

"हेच! हेच ते!" तो नाचतच सगळ्यांना दाखवत सुटला.

नवसाबाईंनी डोळे बारीक केले. "डास लय झाक आलाय, दादा."

दोन लेन्स वाचल्या. मोठीच्या आत मात्र कायमचं धुकं बसलं. निघताना झुंबरभाऊंनी गोरक्षचा नंबर घेतला, हौसेने पंपासकट त्याचा फोटो काढला आणि पंचायतीच्या ग्रुपवर टाकला. दोन दिवसांनी नवसाबाईंचा फोन!

"दादा, घात झाला! फोटो बघून वरनं निरोप आला, फवारणी झाल्याची नोंद घेतली म्हनून! आता दुसरं कोनी येत नाय. तुम्हीच या!"

काय करतो? रविवारी चुलतभावाचा धडधाकट पंप उसना घेऊन गोरक्षने चार तास अख्खा पाडा फवारला. गटारं, गोठे, हापशाखालचं डबकं, काही सोडलं नाही. घामाने निथळत गाडीशी आला, तर तिथे पलीकडच्या पाड्याची दहा-बारा माणसं हात जोडून उभी.

"साहेब, आमच्याकडं कधी?"

आपण विमा कचेरीत आहोत, हे सांगायला गोरक्षने तोंड उघडलं. बाहेर पडलं ते एवढंच:

"गुरुवारी."